गेहरिगचे नाव, एएलएसचे प्रश्न

फ्रान्समध्ये या आजाराला शार्कोचा आजार म्हणतात. ब्रिटनमध्ये तो मोटर न्यूरॉन डिसीज, तर अमेरिकेत लू गेहरिगचा आजार. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचे नाव अ‍ॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, म्हणजे एएलएस. मराठवाड्यात मात्र त्याला नाव नाही. 'हाताची नस दबली', 'अंगातली ताकद गेली', 'मणक्याचे काहीतरी आहे' अशा शब्दांत तो सांगितला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून माणसे येतात. हा आजार असलेला रुग्ण तिथे पोहोचतो तेव्हा त्याच्या पिशवीत एमआरआयची दोन-तीन पाकिटे असतात, पण आजाराचे नाव बहुधा नसते.

ज्या खेळाडूमुळे हे दुखणे जगाला माहीत झाले, त्याची कारकीर्द, त्याच्या निदानाभोवतीचा वाद, खेळ आणि आजार यांच्यातील संबंध, औषधांचा तीस वर्षांचा हिशेब आणि आपल्याकडची स्थिती यांचा हा आढावा आहे.

सलग 2130 सामने

हेन्री लुईस गेहरिगचा जन्म 19 जून 1903 रोजी न्यूयॉर्कमध्ये, जर्मनीहून आलेल्या गरीब कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठात तो अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळला. 1923 मध्ये न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने त्याला घेतले. 1 जून 1925 रोजी तो बदली फलंदाज म्हणून मैदानात उतरला आणि दुसऱ्या दिवशी वॉली पिप या खेळाडूच्या जागी पहिल्या बेसवर उभा राहिला. त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षे ती जागा त्याने सोडली नाही. 30 एप्रिल 1939 पर्यंत तो सलग 2130 सामने खेळला.

सुनील गावसकर 1975 ते 1987 या काळात सलग 106 कसोटी खेळले, आणि त्या सातत्याचे आपल्याला अजूनही कौतुक वाटते. खेळ वेगळे असल्याने आकड्यांची तुलना होणार नाही. तरीही दुखापत, ताप, थकवा यांतल्या कशालाही जागा न देता रोज हजर राहणाऱ्या माणसाबद्दलचा आदर तोच आहे. 'आयर्न हॉर्स', म्हणजे पोलादी घोडा, हे नाव गेहरिगला याच सातत्याने मिळवून दिले. हातांचे एक्स-रे काढले तेव्हा बोटांच्या हाडांत आपोआप भरून आलेले अनेक जुने अस्थिभंग दिसले.

तो केवळ हजेरी लावणारा खेळाडू नव्हता. 493 होम रन, .340 ची फलंदाजी सरासरी आणि 1927 व 1936 असा दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्या नावावर आहे. 3 जून 1932 रोजी त्याने एकाच सामन्यात चार होम रन मारले. त्याच्या काळात यांकीजने सहा वर्ल्ड सिरीज जिंकल्या. सलग सामन्यांच्या विक्रमावर मात्र तेव्हाही आक्षेप होता. 14 जुलै 1934 रोजी पाठीत उसण भरली असताना त्याचे नाव शॉर्टस्टॉपच्या जागी, फलंदाजीच्या क्रमात सर्वांत आधी लिहिले गेले. त्याने एक फटका मारला आणि लगेच सामना सोडला. असे सामने विक्रमात धरावेत का, असे विचारणारे होते. हा विक्रम अखेर 6 सप्टेंबर 1995 रोजी कॅल रिपकेनने मोडला.

उतरण 1938 मध्येच दिसू लागली होती. त्याची सरासरी .300 च्या खाली आली. कुणालाही ते वयाचे लक्षण वाटले असते. 1939 च्या पहिल्या आठ सामन्यांत त्याला 28 प्रयत्नांत फक्त चार फटके जमले. 2 मे रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतःच व्यवस्थापकाला सांगून आपले नाव संघातून काढायला लावले. 19 जून रोजी, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमध्ये निदान झाले. 4 जुलैला यांकी स्टेडियमवर त्याचा सत्कार झाला. हातात दिलेला चषक त्याला पेलवेना. त्याने तो खाली गवतावर ठेवला आणि मग तो बोलला. स्वतःला पृथ्वीवरचा सर्वांत भाग्यवान माणूस म्हणवणारे ते भाषण पुढे अजरामर झाले. 2 जून 1941 रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो गेला.

आजार नेमका काय आहे

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तां शार्को यांनी 1869 पासून या आजाराचे वर्णन केले आणि 1874 मध्ये त्याला आजचे नाव दिले. मेंदूतून मज्जारज्जूकडे आणि तिथून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशी एकामागून एक मरतात, हे या आजाराचे मूळ आहे. वरच्या पेशी गेल्या की स्नायू ताठ होतात. खालच्या गेल्या की ते वाळतात आणि त्वचेखाली बारीक फडफड दिसते. एकाच माणसात दोन्ही खुणा सापडणे हा निदानाचा कणा आहे. ईएमजी या चाचणीची त्यासाठी मदत होते. रक्ताची एकच तपासणी करून निर्णय लागेल, अशी सोय अजून नाही.

स्पर्श, दृष्टी, श्रवण बहुधा शाबूत राहते, डोळ्यांची हालचाल शेवटपर्यंत टिकते. बुद्धी पूर्ण अबाधित राहते, हा समज मात्र आता सुधारला गेला आहे. जवळपास निम्म्या रुग्णांत विचार किंवा वर्तनात काही ना काही बदल आढळतो आणि थोड्यांना स्पष्ट स्मृतिभ्रंश होतो. श्वासाचे स्नायू थकणे हे मृत्यूचे नेहमीचे कारण. लक्षणे सुरू झाल्यापासून आयुष्य साधारण दोन ते पाच वर्षे उरते. दहापैकी एखादा रुग्ण दहा वर्षांपुढे जातो. स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये निदान झाले आणि ते 2018 पर्यंत जगले. ते अपवादांतलेही अपवाद होते.

पाच ते दहा टक्के रुग्णांत आजार कुटुंबात चालत आलेला असतो. 1993 मध्ये एसओडी-1 हे पहिले जनुक सापडले, 2011 मध्ये सी-9-ओआरएफ-72. त्याआधी 2006 मध्ये टीडीपी-43 या प्रथिनाच्या गुठळ्या बहुतेक सर्व रुग्णांच्या चेतापेशींत असल्याचे दिसले. उरलेल्या नव्वद टक्क्यांत आजार कशाने सुरू होतो, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

पहिला वाद: गेहरिगला झाले काय होते?

निदान जाहीर करताना मेयोच्या पत्रकात सामान्य वाचकांसाठी हा एक प्रकारचा जुनाट पोलिओ असल्याचे लिहिले गेले. पोलिओ तेव्हा घराघरांतली भीती होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने यांकीजच्या घसरणीचा संबंध गेहरिगपासून झालेल्या संसर्गाशी जोडला. गेहरिग न्यायालयात गेला आणि वृत्तपत्राला माफी मागावी लागली. एएलएस संसर्गजन्य नाही. समजावून सांगण्यासाठी वापरलेल्या एका चुकीच्या शब्दाने रुग्णाच्या वाट्याला काय येते, याचा हा जुना दाखला आहे.

नवा वाद 2010 मध्ये उभा राहिला. बोस्टनच्या अ‍ॅन मॅकी आणि सहकाऱ्यांनी डोक्याला वारंवार मार बसलेल्या बारा खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी तिघांना एएलएससारखा आजार झाला होता आणि त्यांच्या मज्जारज्जूत टीडीपी-43 सोबत टाऊ प्रथिनही सापडले. लेखात गेहरिगचे नाव नव्हते. वृत्तपत्रांनी मात्र सवाल केला, की लू गेहरिगला 'लू गेहरिगचा आजार' झालाच नसेल तर? तो अमेरिकन फुटबॉल खेळला होता, आणि 1934 मध्ये व्हर्जिनियात डोक्यावर चेंडू लागून बेशुद्ध पडला होता.

या शक्यतेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की बाहेरून एकसारखे दिसणारे दोन आजार आत वेगळे असू शकतात आणि तसे असेल तर उपचारही वेगळे शोधावे लागतील. विरोधी बाजू म्हणते, की तीन मेंदूंवरून नवा आजार ठरत नाही. हे मेंदू मुळात मार बसलेल्या खेळाडूंतून निवडलेले होते आणि लक्षणे व वाटचाल एएलएसची असेल तर त्याला एएलएसच म्हणावे. गेहरिगपुरता हा वाद मिटण्याजोगा नाही, कारण त्याच्या देहाचे दहन झाले आणि तपासायला ऊती उरलेल्या नाहीत.

दुसरा वाद: खेळाने आजार होतो का?

गेहरिगपुरता प्रश्न अडला असला तरी खेळाडूंच्या मोठ्या समूहांचे अभ्यास झाले आहेत. इटलीत 1970 ते 2001 दरम्यान खेळलेल्या 7325 व्यावसायिक फुटबॉलपटूंत एएलएसचे पाच रुग्ण आढळले, जिथे एकही पुरता अपेक्षित नव्हता. स्कॉटलंडच्या 2019 मधील अभ्यासात माजी फुटबॉलपटूंमध्ये या आजाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सामान्यांच्या सुमारे चौपट निघाले. अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगच्या 19,423 खेळाडूंचा अभ्यास 2021 मध्ये आला, त्यातही प्रमाण जवळपास चौपट होते.

चौपट हा शब्द भीतिदायक आहे, म्हणून मूळ आकडाही पाहावा. त्या 19,423 पैकी 38 जणांना आजार झाला होता, म्हणजे पाचशेत एकाहूनही थोडा कमी. धोका वाढलेला आहे आणि तरीही तो लहान आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

वाढीची कारणे सांगणारे तीन पक्ष आहेत. पहिला डोक्याच्या माराला दोष देतो. दुसरा अतिश्रमाकडे बोट दाखवतो. स्वीडनच्या वासालोपेट या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत सर्वांत वेगाने पोहोचणाऱ्यांत एएलएसचे प्रमाण जास्त निघाले, तर सावकाश पोहोचणाऱ्यांत सामान्यांपेक्षा कमी. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे वेगळे आहे. ज्या जडणघडणीमुळे माणूस असामान्य खेळाडू होतो, तिच्यातच आजाराची बीजे असतील, म्हणून खेळ हे कारण नसून ती एक सोबतची खूण असेल. शेफील्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे दाखवले, की विशिष्ट जनुके असलेल्यांत तीव्र व्यायाम आजाराला चालना देत असावा. म्हणजे तिन्ही पक्षांतले थोडेथोडे खरे असू शकते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातले आमखास मैदान, विद्यापीठाच्या आवारातले भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र, शालेय स्पर्धांतले सॉफ्टबॉलचे संघ यांच्याकडे पाहताना या अभ्यासांचा अर्थ नीट लावावा लागेल. मुलांना खेळापासून दूर ठेवा, असे त्यांतला एकही अभ्यास सांगत नाही. नियमित व्यायामाचे हृदयाला आणि मेंदूला होणारे फायदे निर्विवाद आहेत. डोक्याला लागलेला मार सहज घेऊ नये, भोवळ आलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, एवढा धडा मात्र पक्का आहे.

औषधांचा हिशेब

गेहरिगला जीवनसत्त्व ई ची इंजेक्शने दिली गेली, उपयोग झाला नाही. पहिले मान्यताप्राप्त औषध, रिलुझोल, 1995 मध्ये आले. ते आयुष्य दोन ते तीन महिन्यांनी वाढवते. भारतीय कंपन्यांचे जेनेरिक रिलुझोल आपल्याकडे मिळते. जपानने 2015 मध्ये आणि अमेरिकेने 2017 मध्ये एडाराव्होनला मान्यता दिली. निवडक, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांत त्याने घसरण मंदावल्याचे दिसले होते, पण युरोपातील नंतरच्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. म्हणून त्याच्या वापराबद्दल मेंदुविकारतज्ज्ञांत एकमत नाही.

2014 मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या आइस बकेट चॅलेंज मोहिमेमुळे अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे साडेअकरा कोटी डॉलर आले. या पैशांच्या मदतीने एनईके-1 या जनुकाचा शोध लागला. याच निधीतून मदत मिळालेले एक औषध 2022 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरले आणि 2024 मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. लवकर मान्यता द्यावी की पुरावा पक्का होईपर्यंत थांबावे, या प्रश्नाला दोन प्रामाणिक बाजू आहेत. हाती दोन-तीन वर्षे असलेला रुग्ण थांबू शकत नाही. निरुपयोगी औषधावर खर्च झालेले महिने मात्र त्याच दोन-तीन वर्षांतले असतात.

2023 मधले टोफर्सेन हे आशेचे ठिकाण. दोषी एसओडी-1 जनुकाचा निरोप अडवणारे हे औषध पाठीच्या कण्यातून द्यावे लागते. मूळ चाचणीत 28 आठवड्यांत ठरवलेले उद्दिष्ट गाठले गेले नाही, पण चेतापेशींच्या नाशाचे रक्तातले मोजमाप स्पष्ट घटले, आणि त्या आधारावर सशर्त मान्यता मिळाली. हे औषध एकूण रुग्णांपैकी सुमारे दोन टक्क्यांनाच लागू पडते.

आपल्याकडच्या कुटुंबांना सर्वाधिक भुरळ स्टेम सेलची पडते. त्यावरचे संशोधन चालू आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकार वगळता असे उपचार फक्त मान्य चाचणीतच देता येतात. मान्य चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. जमीन विकायला निघालेल्या कुटुंबाने आधी हे माहीत करून घ्यावे.

भारतात हा आजार कसा दिसतो

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांतल्या 1153 रुग्णांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय सेहेचाळीसच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा साधारण दशकभर अलीकडे होते, आणि रुग्ण अधिक वर्षे जगले. सी-9-ओआरएफ-72 मधला दोष युरोपीय वंशात सर्वाधिक सापडतो, भारतीयांत तो बराच कमी आढळतो. शिवाय 1970 मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी तरुण वयात सुरू होणारा, ऐकू कमी येण्यासोबतचा, सावकाश चालणारा एक वेगळा प्रकार नोंदवला. 'मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज' या नावाने तो जगाच्या पुस्तकांत गेला.

एक मत असे, की भारतीयांतला आजार मुळातच काहीसा वेगळा आहे. दुसरे मत असे, की आपली लोकसंख्या तरुण आहे आणि म्हातारपणी आजारी पडलेली, लवकर गेलेली माणसे मोठ्या संस्थांपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून आकडे तसे दिसतात. हा वाद केवळ रुग्णालयांच्या कागदांवरून मिटणार नाही. त्यासाठी गाव-तालुक्यापासूनची नोंदवही लागेल, आणि देशभराची अशी नोंदवही अजून उभी राहिलेली नाही.

कायद्यातही नाव अडते. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन नावानिशी आहेत, एएलएस नाही. प्रमाणपत्र हातापायांच्या अपंगत्वाच्या टक्केवारीवर काढावे लागते. ही टक्केवारी एका दिवसाची असते, आणि हा आजार दर महिन्याला पुढे जातो.

श्वास, अन्न आणि शब्द

औषधांच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. 2006 मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसलमधील चाचणीत श्वास कमी पडू लागलेल्या रुग्णांना नाकातोंडावरच्या मास्कने यंत्राचा श्वास दिला गेला. त्यांतले गिळण्या-बोलण्याचे स्नायू फारसे न बिघडलेले रुग्ण मास्क न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 205 दिवस अधिक जगले, म्हणजे रिलुझोलच्या दुपटीहून अधिक. पोटातून अन्नाची नळी वेळेत बसवणे, गिळण्याचा आणि बोलण्याचा सराव, मेंदुविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांनी एकत्र पाहणे, यांनीही दिवस वाढतात आणि सुसह्य होतात. यावर वाद नाही. अडचण पोहोचण्याची आहे. आपल्या आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत आणि हे यंत्र रात्री घरी, खाटेशेजारी लागते. वीज गेली तर बॅटरीही लागते.

शब्दांचे काय होते, हे मी शेजारी पाहिले. एका निवृत्त क्रीडाशिक्षकांना आधी कुलपात किल्ली फिरवता येईना. दीड वर्ष मानेचा पट्टा, तेल, मणक्याच्या गोळ्या असे चालले. निदान झाले तेव्हा जीभ जड झाली होती. काकूंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर बाराखडीचा तक्ता केला. त्या ओळी विचारत, 'क ची? च ची? ट ची? त ची? प ची?' पाचवीला सर पापणी मिटत. मग अक्षर. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार. 'पंखा' हा एक शब्द पंधरा प्रश्नांनी पुरा होई. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे संगणक आहेत, पण ते प्रामुख्याने रोमन अक्षरे समोर ठेवून घडले. देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा सहज निवडता येतील अशी स्वस्त सोय हे आपल्याकडच्या अभियंत्यांना करता येण्याजोगे काम आहे.

शेवटचा प्रश्न गळ्यात छिद्र पाडून कायमचे यंत्र लावायचे का, हा. कुणाला ते जीवन वाटते, कुणाला केवळ लांबण. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याची पहिली वाट उघडली. 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. हे बोलणे रुग्णाला बोलता येत असतानाच व्हायला हवे. आपल्या घरांत ते टाळले जाते, आणि मग निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात, रडत उभ्या असलेल्या मुलांवर येतो.

काय ठरले, काय बाकी आहे

आजार संसर्गजन्य नाही, बहुतेकांत टीडीपी-43 बिघडलेले असते, मास्क आणि नियोजित काळजी आयुष्य वाढवते, एका जनुकीय प्रकारावर नेमके औषध शक्य आहे, हे ठरलेले आहे. सुरुवात कशाने होते, खेळाचा वाटा किती, माराने होणारा आजार वेगळा मानावा का, भारतीयांतला आजार खरोखर निराळा आहे का, हे बाकी आहे. गेहरिगच्या नावाने आजाराला चेहरा आणि पैसा दिला. त्याच नावाने हा तगड्या खेळाडूंचा आजार आहे असा समजही पसरवला, आणि घरकाम करणाऱ्या बाईचा गळालेला हात त्यामुळे सहज नजरेआड होतो.

जगभरात लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत साधारण वर्ष जाते. तीन वर्षांच्या आयुष्यातले ते एक वर्ष असते. विज्ञानाचे बाकीचे प्रश्न प्रयोगशाळांत सुटतील तेव्हा सुटतील, हे वर्ष वाचवणे तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती आहे. न दुखता वाळणारा हात, जिभेवरची फडफड आणि ठोकल्यावर जोरात उडणारा गुडघा एकत्र दिसले, तर मणक्यावर न थांबता पुढे पाठवावे. काकूंचा तक्ता निदानानंतर दोन दिवसांत तयार झाला होता. सरांना तेव्हा अजून बोटाने अक्षर दाखवता येत होते, आणि पहिला आठवडा ते तसेच बोलले. दीड वर्ष आधी कळले असते, तर ते स्वतःच्या हाताने लिहू शकले असते.